आल्विनच्या कबरीला पाणी घालू नका

रोझविता नोआकला रडकी झाडं आवडत नाहीत. हे तिचे शब्द, माझे नाहीत. दोन दिवस पाणी मिळालं नाही की मान टाकायची आणि तिसऱ्या दिवशी मरायला टेकायचं, असलं झाड तिच्या लेखी झाडच नव्हे. "असले पाहुणे मला घरात नकोत, आणि कबरीवर तर मुळीच नकोत," म्हणायची. मी मार्लिस बूडिख, एकतीस वर्षं पूर्व जर्मनीतल्या ह्या ब्रेझिनो गावात घरोघर टपाल वाटलं, आणि तितकीच वर्षं तिची शेजारीण आहे. मी तिचं सगळं ऐकून घ्यायची, हो हो म्हणायची, आणि संध्याकाळचे सहा वाजले की झारी भरून माझ्या नवऱ्याच्या, होर्स्टच्या, कबरीवरच्या बेगोनियाच्या फुलांकडे पळायची.

कारण आमच्याकडे तसंच असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला गावातल्या झाडून सगळ्या बायका दफनभूमीत. नळाशेजारी लोखंडी दांडी आहे, तिच्यावर ज्याची त्याची झारी, प्रत्येक झारीला कुलूप. माणसं एकमेकांना घराची किल्ली देतील, पण झारीची नाही. कुणी आठ दिवस समुद्रावर निघालं की शेजारणीला एवढंच सांगतं, "माझ्याकडे बघशील ना?" आणि शेजारणीला कळतं की घर नव्हे, कबर म्हणतेय. नाही म्हणायची पद्धत नाही. ज्याच्या कबरीवरची फुलं वाळली, त्याच्या घरच्यांचं त्याच्यावर प्रेम नव्हतं, असा सरळ हिशोब. इतका सरळ की कुणी तो कधी बोलूनही दाखवत नाही, नुसतं कबरीकडे बघतात आणि पुढं जातात.

रोझविताचा नवरा आल्विन कोळशाच्या खाणीत होता. कोळसा काढणारा नव्हे, पाणी काढणारा. आमच्या लाउझित्स भागात कोळसा उघडा करायचा तर आधी जमिनीतलं पाणी उपसून टाकावं लागतं, तर ते पंप चालवणारा माणूस. तेहतीस वर्षं उपसलं त्यानं. गावातल्या विहिरी आटल्या त्या त्याच काळात. तोंडावर त्याला कुणी काही बोललं नाही, खाणीचा पगार अर्ध्या गावात येत होता. पाठीमागं मात्र खूप बोललं गेलं. मीही बोलले आहे, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू?

आल्विन गेला त्याला सहा वर्षं झाली. पहिल्या उन्हाळ्यात रोझवितानं सगळ्यांसारख्या बेगोनिया लावल्या. हिवाळ्यात कुंपण मोडून रानडुकरं आत शिरली आणि त्यांनी आठ-दहा कबरी नांगरल्यासारख्या उकरल्या. तेव्हा खूप जणांनी वर दगडी लादी टाकून घेतली. रोझवितानंही टाकली, आणि झाडं गेली कुंड्यांमध्ये. झालं, आगीतून फुफाट्यात! लादी दुपारी तव्यासारखी तापायची, कुंडीतली मुळं शिजायची. दिवसातून दोनदा दहा लिटरची झारी, आणि त्यात तिचं ते झिजलेलं खुब्याचं हाड. एका संध्याकाळी तिनं वाटेच्या मधोमध झारी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बास! आता जे आपलं आपण जगेल तेच इथं राहील."

आम्हाला वाटलं, दमली बिचारी. दमली कसली! दुसऱ्या दिवसापासून बाई गावात फिरायला लागली. कुणी कधी पाणी घालत नाही अशा जागा शोधायची. बंद पडलेल्या रेल्वेचा बांध, बसथांब्याचं छप्पर, चर्चच्या भिंतीची दक्षिण बाजू, माळावरची नुसती वाळू. वाकून बघायची, वहीत लिहायची. "इथं हे कुणाच्या परवानगीनं जगतंय?" असं मला विचारायची, जसं काही मीच तिथं बिया टाकल्या.

अशी तिनं झाडं निवडली. जुन्या घरांच्या छपरांवर वीज पडू नये म्हणून आमचे आजे-पणजे लावायचे ती जाड पानांची, गुलाबाच्या आकाराची हाउसवुर्त्स. ती तिला स्वतःच्याच गोठ्यावर सापडली. भिंतींच्या फटीत उगवणारी पिवळ्या फुलांची भिंतमिरी, चघळली तर जीभ भाजते. ओव्यासारख्या वासाचा रानथाइम. आणि माळावरचं वाळूफूल, तोडून वर्षभर ठेवलं तरी पिवळंच राहतं ते. वाळूफूल रानातून उपटायला बंदी आहे, म्हणून त्यासाठी तीन गाड्या बदलून एका रोपवाटिकेत गेली आणि चार रोपं मांडीवर घेऊन आली. आल्यावर लगेच लावली का? छे! गोठ्याच्या दक्षिण भिंतीला सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि जूनचे तीन आठवडे थेंबभर पाणी दिलं नाही. त्यात सहा-सात रोपं गेली. उरली त्यांना म्हणाली, "चला, तुम्ही पास."

पहिल्याच खेपेला तिनंही घोळ घातला होता, तो सांगायला हवा. मायेपोटी त्यांना चांगली काळी माती घातली, वर खत. महिन्याभरात झाडं फोफावली, लोळली आणि कुजली. मग तिला उमगलं की ह्यांना लाड सोसत नाहीत. मग दोन भाग वाळू, एक भाग फोडलेली वीट, माती चिमूटभर. कुंड्या म्हणजे काकड्या मुरवायच्या दोन दगडी बरण्या आणि एक जस्ताचा टब. आल्विनचं ड्रिल काढून प्रत्येकाच्या बुडाला स्वतः चार-चार भोकं पाडली. दोन वर्षांत त्या कबरीवर अशी गर्दी झाली मधमाश्यांची, की शेजारच्या कबरीवाल्यांनी तक्रार केली.

आणि एकबेर्ट लेनिकला तर ते डोळ्यांसमोर नको. एकबेर्ट म्हणजे दफनभूमी समितीचा अध्यक्ष, निवृत्त शाळामास्तर. त्याच्या आईच्या कबरीवरच्या बेगोनिया पट्टीनं मोजून लावलेल्या.

"रोझविता, हे काय, रेल्वेचा बांध उचलून आणलास काय गं?"

"हो. बांधानं कधी तक्रार केली नाही. तुझ्या बेगोनिया रोज संध्याकाळी बोंबलतात, माझ्या घरापर्यंत ऐकू येतं."

दोघं पहिलीपासून एका वर्गात, त्यामुळे असलं चालायचं. पण एकबेर्टनं ते मनात ठेवलं.

ह्या वर्षी मे अखेरीला रोझविताच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. आधी इस्पितळ, मग व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रात मुक्काम, एकूण पाच आठवडे. जाताना मला दारात थांबवून म्हणाली, "मार्लिस, आल्विनला पाणी घालायचं नाही. काही झालं तरी नाही. शपथ घे." मी घेतली.

मग आला जून. असला उन्हाळा मी बघितला नव्हता. थेंब नाही. रोज सहाला मी होर्स्टला पाणी घालायची आणि तिरक्या नजरेनं आल्विनकडे बघायची. हाउसवुर्त्सची पानं लाल पडली, मिटून मूठ झाली. थाइम करडा पडला. मला काय ठाऊक की त्यांची सोसायची रीतच तशी! मला वाटलं, मरताहेत. रोझविता परत येईल, तेव्हा काय तोंड दाखवू? बाराव्या दिवशी मी इकडंतिकडं बघितलं आणि अर्धी झारी ओतली. एकदाच. मग दोन दिवसांनी पुन्हा एकदाच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात समितीची वार्षिक फेरी असते. आम्ही सहा जण. टपालवाली म्हणून गावानं मलाही समितीत घातलंय. एकेका कबरीपाशी थांबत आल्विनपाशी आलो, तर बरण्यांमध्ये काळा चिखल. हाउसवुर्त्स बोट लावलं की निसटून हातात येत होती. वास सुटलेला. एकबेर्टनं खिशातून पिवळा कागद काढला आणि दगडावर चिकटवला, बरोबर आल्विनच्या नावाखाली: "कृपया समितीशी संपर्क साधा." तो कागद काय असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बेवारशी कबर. मी तिथं उभी होते, आणि ताकास तूर लागू दिली नाही.

तीन दिवसांनी रोझविता आली, दोन कुबड्यांवर. घरी बॅग टाकली आणि मला घेऊन थेट तिकडे. कागद वाचला. मग बरणीत बोट खुपसलं, काढलं, हुंगलं.

"कुणी घातलं पाणी?"

"पाऊस... पाऊस झाला असेल," मी म्हटलं.

तिनं वर आभाळाकडे बघितलं. पाच आठवडे ढगसुद्धा फिरकला नव्हता. "असेल," एवढंच म्हणाली आणि कुबड्या वळवल्या. माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी समितीचं पत्र आलं. आमच्याकडे कबरीची जागा ठरावीक वर्षांपुरती भाड्यानं मिळते, आणि नोआक घराण्याच्या त्या दुहेरी जागेची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. ऑगस्टअखेर कबरीवर "रीतीला धरून, शोभेलशी" लागवड झाली नाही, तर मुदत वाढवून मिळणार नाही. म्हणजे आल्विनच्या शेजारची तिची जागा गेली. पंचेचाळीस वर्षं एका पलंगावर झोपलेली बाई, आणि आता पुरायचं कुठं, तर कुंपणाजवळच्या नव्या ओळीत, कुणा परक्याशेजारी.

सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला, मीही दिला. "चार बेगोनिया लाव, सही घे, आणि मग हवं ते कर."

"मेल्यावर नवऱ्याशेजारी झोपायला मिळावं म्हणून आत्ता खोटं बोलू?" ती म्हणाली. "आणि तेही बेगोनियांकडून?"

बरण्या रिकाम्या करून उकळत्या पाण्यानं धुतल्या. गोठ्याच्या छपरावर चढणं तिला शक्य नव्हतं, तर मला शिडीवर चढवलं, अडुसष्टाव्या वर्षी! खालून कुबडीनं दाखवायची, "ते नको, ते लाडावलंय. पन्हाळीजवळचं घे, काटकुळं." वाळू मी वाहिली, विटा तिनं बसून फोडल्या. मी काही बोलले नाही आणि तिनं काही विचारलं नाही. तीच झाडं पुन्हा लावली, आणि टबाला पाटी टांगली: "पाणी घालू नका. आभार मानणार नाही." पण झाडं आपल्या चालीनं वाढतात. ऑगस्ट संपला तेव्हा बरणीत इथं एक टिकली, तिथं एक टिकली, मध्ये नुसती वाळू. खरं सांगते, बघवत नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी पाद्रीबाईंच्या सभागृहात बैठक भरली. आलुबुखारचा केक, कॉफी, आणि अख्खं गाव. फुकटचा तमाशा कोण सोडतो! एकबेर्ट उभा राहिला आणि पासष्ट वर्षांच्या ओळखीला "तुम्ही" म्हणायला लागला.

"नोआक बाई, नियम स्पष्ट आहे. जुलैत तुमच्या कुंड्यांमध्ये कुजका चिखल होता. आज वाळू आहे. समितीनं ह्याला निगा म्हणावी, अशी तुमची अपेक्षा आहे का?"

"चिखल कुणी केला ते विचार की आधी," रोझविता बसल्या जागेवरून म्हणाली.

"उगाच दुसऱ्यांवर ढकलू नका."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तेच मला सोसवलं नाही. मी उठले. "चिखल मी केला," मी म्हटलं. "शपथ घेऊन पाणी घातलं. अर्धी झारी. पाच-सहा वेळा. आणि नंतर पाऊस झाला म्हणून खोटं बोलले. त्या दिवशी कागद चिकटवताना तुझ्याशेजारी उभी होते एकबेर्ट, तेव्हाही गप्प बसले."

एकबेर्ट म्हणाला, "पाच-सहा अर्ध्या झाऱ्यांनी एवढा चिखल होत नाही."

मागच्या ओळीत दवाखान्यातली परिचारिका बाई खाकरली. "मी पण घातलं," ती म्हणाली, "रविवारी. दया आली मला." तिच्या शेजारणीनं हात वर केला. मग आणखी एक हात. मग पाद्रीबाई, लाल होऊन. माझा धरून अकरा हात मोजले मी. एकमेकींना न सांगता, चोरून, अकरा बाया एकाच कबरीला पाणी घालत होतो! बारावा हात हळूच वर आला तो उर्सेल लेनिकचा, एकबेर्टच्या बायकोचा.

"उर्सेल?" एकबेर्ट म्हणाला.

"मग काय करू? तू रोज घरी येऊन बडबडायचास, नोआकची कबर ओसाड पडली, ओसाड पडली. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून रोज एक झारी घातली. भरलेली."

लोक हसले. रोझविता हसली नाही. एकबेर्ट खाली बसला, चष्मा पुसला, आणि ह्या खेपेला "तू" म्हणाला. आवाजही खरा होता.

"ठीक आहे. कुजलं त्यात तुझा दोष नाही. पण रोझविता, त्याआधीही तिथं काय होतं? माळरान. येणारा-जाणारा बघतो आणि त्याला वाटतं, ह्या माणसाकडे कुणी येत नाही. आपण पाणी घालतो ते काय फुलांसाठी? आपण आहोत हे दिसावं म्हणून घालतो. तुझ्याकडे काय दिसतं?"

हे त्यानं बरोबर वर्मावर मारलं होतं.

रोझविता कुबड्यांवर उठली. कुणीतरी हात द्यायला गेलं, तर झिडकारलं.

"दिसत काही नाही, कारण तुम्ही सगळे सहाला येता. मी सकाळी आठला येते. तुम्ही झारी ओतता, वाळकी पानं खुडता, दुसऱ्याच्या कबरीकडे बघता, आणि झारी रिकामी झाली की घरी. पाच मिनिटं. मोजलेत मी. माझ्याकडे ओतायला काही नाही, म्हणून मला त्याच्याशी बोलत बसावं लागतं. नऊ वाजेपर्यंत. पाच वर्षं." तिनं श्वास घेतला. "आणि आता दुसरंही ऐका. तुम्ही पाठीमागं काय बोलायचात ते आल्विनला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. आपल्या घरची विहीर आटली त्या दिवशी रात्रपाळी करून आला आणि कठड्यावर बसून राहिला, जेवला नाही. जायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाला, रोझी, माझ्यावर पाणी वाया घालवू नकोस. माझ्या वाट्याचं मी केव्हाच संपवलंय, आणि गावाच्या वाट्याचंही. पहिले दोन उन्हाळे तुमच्या नजरांना भिऊन मी तेही मोडलं, आता त्याची तेवढी एक गोष्ट मला पाळायची आहे. तुमच्या नियमात बसत असेल तर बसवा. नसेल तर मला कुंपणाजवळ पुरा. पण बेगोनिया मी लावणार नाही."

आणि बसली. मी रडत होते, लाज कसली त्यात.

मतदान झालं. पाच हात लगेच वर गेले. एकबेर्टनं आपला शेवटी वर केला, पण केला. मग त्यानं तिथंच अर्ज काढला आणि नव्या मुदतीत वीस वर्षं लिहिली. सही करायच्या आधी रोझवितानं पेन धरून ठेवलं.

"आणखी एक कलम लिही. मी गेल्यावर माझ्याकडे झारी घेऊन कुणी फिरकायचं नाही."

"असं कलम नसतं गं."

"मग मार्लिसवर टाकते." ती माझ्याकडे वळली. जुलैनंतर पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं. "तू चार वर्षांनी लहान आहेस. शपथ मोडलीस, आता फेड. माझ्या बरण्यांशी यायचं आणि कुणी झारी उचलली तर तिचा हात धरायचा. उर्सेलचा तर दोन्ही धरायचे."

"धरीन," मी म्हटलं. "पण मीच तुझ्याआधी गेले तर?"

"तर तुझ्या आणि होर्स्टच्या बेगोनियांना मी थेंबभर पाणी घालणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"मग येशील तरी का तिकडे?"

तिनं सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"रोज," ती म्हणाली. "आल्विनचं झालं की तुझ्याकडे. तासभर."